मंजिष्ठेचा लाल रंग आणि मागची खोली

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न वर्षे पूर्ण, धंदा वजनकाटे दुरुस्ती व तपासणी, शिवाय गेली सहा वर्षे झाडपाल्यापासून कापड रंगवणारा (हा छंद नव्हे), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने, रेघांच्या कागदावर लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. याबद्दल घरात दुमत असू शकेल. परंतु काल वकीलबाईंनी मला तारीख, वार आणि माझ्या मालकीच्या वस्तूंची यादी विचारली. मी तिन्ही न अडखळता सांगितलं, वर त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे हेही दाखवून दिलं. माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. मुळात माझं कोणी ऐकतच नाही, तर दडपण कशाला आणतील?

येत्या सतरा तारखेला, गुरुवारी, माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणाले, "काळजी नको, शंभरात सत्त्याण्णव जण ठणठणीत होतात." मी विचारलं, "उरलेल्या तिघांचं नेमकं काय चुकतं?" त्यांनी फाइल मिटली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. म्हणून हे लिहावं लागत आहे.

यापूर्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते रागाच्या भरात केलं होतं, विशेषतः त्यातलं मागच्या खोलीबद्दलचं कलम. ते पूर्णपणे रद्द समजावं.

वकीलबाईंनी बजावलं आहे की मोजकं लिहा. "हे मृत्युपत्र आहे, रोजनिशी नाही." कायद्याने त्यांचं बरोबर असेल. पण कारण न सांगता कोणाच्या हातात वस्तू ठेवणं मला जमत नाही. दुरुस्त केलेल्या प्रत्येक काट्याबरोबर मी काय बिघडलं होतं त्याची चिठ्ठी देत आलो. इथेही देणार.

कलम १. राहतं घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर व गच्ची, माझ्या पत्नीला द्यावं. स्वयंपाकघराचं दार पावसाळ्यात फुगतं. ते खालून तासायचं नाही, बिजागरीचा वरचा स्क्रू अर्धा फेरा आवळायचा. हे मी तिला बावीस वर्षं सांगतो आहे. परवा पुन्हा सांगितलं तर म्हणाली, "अहो, तुम्ही गेल्यावर मी ते दारच काढून टाकणार आहे. पडदा लावीन." हे घर तिचं आहे, तेव्हा पडदाही लावू शकते. माझा विरोध नोंदवून ठेवतो.

कलम २. बँकेत जे काही असेल ते सर्व पत्नीचं. यात सांगण्यासारखं काही नाही.

कलम ३. माझ्या थोरल्या भावाला अॅल्युमिनियमची दहा पायऱ्यांची शिडी द्यावी. ती अकरा वर्षांपासून त्याच्याकडेच आहे. "दोन दिवसांत आणून देतो" असं म्हणून त्याने नेली होती. आता आणून देण्याची गरज नाही.

कलम ४. दुकानातली हत्यारं, बारीक स्क्रूड्रायव्हरांचे दोन्ही संच, चिमटे, भिंग आणि प्रमाण वजनांची मखमली पेटी शेजारच्या गाळ्यातल्या घड्याळजींना द्यावी. पेटीतल्या वजनांना बोटं लावायची नाहीत, चिमट्यानेच उचलायची. घड्याळजींना हे सांगावं लागणार नाही, म्हणूनच त्यांना देतो आहे.

घड्याळजींचे एक उपकारही आहेत. सहा वर्षांपूर्वी माझे हात कापायला लागले. काटा दुरुस्त करणाऱ्याचे हात कापणं म्हणजे काय ते सांगायला नको. स्क्रू खाचेत बसेना. रात्री डोळ्याला डोळा लागेना. बायकोपासून लपवलं, डॉक्टरांपासून लपवलं, पण घड्याळजी एक दिवस माझ्या गाळ्यात आले, माझ्या हातातला चिमटा काढून घेतला, तो स्क्रू बसवला आणि म्हणाले, "दाखवून घ्या. मी कुणाला बोललो नाही." त्यांनी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही. आता मीच लिहितो आहे.

कलम ५. रंगांची नोंदवही. हिच्यात चारशे बारा नमुने आहेत. प्रत्येकाजवळ कापडाचं वजन, मुळाचं किंवा सालीचं वजन, तुरटी किती, पाणी किती, किती अंशांवर किती मिनिटं, हे लिहिलेलं आहे. ही वही कोणाला द्यायची ते कलम १० मध्ये आहे. ती कशी सुरू झाली ते इथे लिहितो, कारण त्याबद्दल माझ्या बहिणीने भलत्याच गोष्टी पसरवल्या आहेत.

हातांसाठी मला मनाच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं गेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "दिवसातला एक तास असं काहीतरी करा, ज्यात चूक-बरोबर नसतं." मी घरी येऊन दोन दिवस विचार केला. असं काही मला सापडेना. तिसऱ्या दिवशी बायको कांदे सोलत होती. मी त्या साली पातेल्यात टाकून उकळल्या, माझा जुना रुमाल तुरटीच्या पाण्यातून काढून त्यात बुडवला. पिवळा झाला. साधा नव्हे, पितळेसारखा पिवळा. त्या रात्री मला सात तास झोप लागली. हे खरं आहे, नाकारत नाही. पण बहीण सगळीकडे सांगत सुटली की "दादाला रंगाने बरं केलं." रंगाने केलं, की गोळ्यांनी, की कांद्याच्या वासाने, हे कोणीही तपासलेलं नाही.

महिन्याभरात मी तापमापक आणला. दुसऱ्या महिन्यात तराजू. डॉक्टरबाईंना वही नेऊन दाखवली. त्यांनी पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला सुट्टी घ्यायला सांगितलं होतं. तुम्ही दुसरी नोकरी धरलीत." हातांचं कापणं मात्र थांबलं होतं.

कलम ६. माझी धाकटी बहीण. ही रुग्णालयात परिचारिका आहे. तिला काही देण्याआधी आमच्यात काय झालं ते सांगणं भाग आहे.

दीड वर्षापूर्वी तिने माझी मागची खोली रविवारी सकाळपुरती मागितली. रुग्णालयातून घरी गेलेली पण घरात मन न लागणारी आठ-दहा माणसं ती गोळा करते आणि त्यांना रंगवायला लावते. खोलीच्या दारावर तिने मला न विचारता पाटी लावली: "रंगात रमा." मी ती दोनदा काढली, तिने तीनदा लावली.

त्या वर्गाबद्दल माझ्या तक्रारी होत्या आणि आहेत. ती माणसं कापड न धुताच रंगात टाकतात. "मूठभर" हे त्यांचं माप. ढवळायचा दांडा एकाच्या पातेल्यातून दुसऱ्याच्या पातेल्यात. मी बहिणीला म्हटलं, "अगं, निदान कापड तरी वजन करून घ्या."

"दादा, हात रंगात गेला की माणसं बोलायला लागतात. कुठला रंग येतो त्याचं कुणाला पडलंय?"

"मग रंग कशाला? कणीक मळायला द्या."

"कणीक दोरीवर वाळत घालून सगळ्यांना दाखवता येत नाही," ती म्हणाली.

वर्गामुळे रक्तदाब उतरतो असं ती म्हणे. मी पुरावा मागितला. तिने आधीचे आणि नंतरचे आकडे लिहिलेला कागद आणून दिला. मी तिचं यंत्र तपासलं, ते सहा अंक जास्त दाखवत होतं. "पण आधीही सहाच जास्त आणि नंतरही सहाच जास्त," ती म्हणाली, "फरक तोच ना?" मी वजाबाकी दोनदा करून पाहिली, बरोबर होती. यंत्र मी दुरुस्त करून दिलं.

मी एकच गोष्ट सक्त सांगितली होती. कोपऱ्यात माझ्या डिस्टिल्ड वॉटरचे कॅन असतात. ते मी स्वतः बनवलेल्या यंत्रातून थेंब थेंब गाळतो, वीस लिटरला दोन दिवस लागतात. त्या कॅनना कोणी हात लावायचा नाही. तुम्हाला पाणी हवं तर अंगणातला नळ आहे. बोअरचं पाणी आहे, बादलीला पांढरा थर धरतं, पण तुमच्या खेळाला पुरे.

डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी बारा वाजता मी तापमापक जागेवर आहे का ते पाहायला खाली गेलो. दोरीवर एक सुती सदरा वाळत होता. लाल.

इथे सांगितलं पाहिजे की मंजिष्ठेच्या मुळातून लाल काढायचा म्हणून मी सहा वर्षं झगडत होतो. चारशे बारा नमुन्यांपैकी एकसष्ट मंजिष्ठेचे आहेत. त्यांच्यापुढे मी प्रामाणिकपणे लिहिलेलं आहे: विटकरी, गंजका, चहाचा डाग, पुन्हा विटकरी. एक "बरा" आहे, तोही नंतर खोडला आहे. आणि समोर दोरीवर तो लाल लटकत होता, त्याला चिमटे तिरके लावलेले होते.

सदरा ड्रायव्हरकाकांचा. हे निवृत्त बसचालक, वर्गातले सर्वांत बडबडे. मी विचारलं, "यात काय टाकलंत?"

"मुळं टाकली, अजून काय टाकणार मास्तर? आणि गप्पा."

"बाजारातल्या तयार रंगाच्या पुडीबद्दल विचारतोय मी."

बहीण हातातलं पातेलं खाली ठेवून पुढे आली. "दादा, तोंड सांभाळ. ही माणसं माझी आहेत."

"खोली माझी आहे. माझ्या खोलीत लबाडी चालणार नाही."

"लाल आलाय तर जरा बघ की रे! चौकशी कसली लावतोस?" तिचा आवाज चढला होता. मग तिने एकेकाचं कापड दोरीवरून ओलंच उतरवलं आणि त्यांच्या हातात दिलं. काका सदरा पिळत उभे होते. जाताना ती म्हणाली, "ठेव तुझी खोली. बस उराशी धरून."

मी कुलूप बदललं. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. वर्ग आता रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये भरतो, असं बायको सांगते.

कलम ७. हे कलम मिळकतीबद्दल नाही. वकीलबाई हे काढायला सांगत होत्या. मी काढणार नाही.

ड्रायव्हरकाकांनी पुडी टाकली नव्हती. कुलूप बदलल्यावर मी ते सिद्ध करायला बसलो, म्हणजे पुडी टाकली हे सिद्ध करायला. मुळं तीच, माझ्याच पोत्यातली. तुरटी तीच. कापड साधं सुती. आच साठ अंश. त्यांच्यात आणि माझ्यात एकच फरक उरत होता, आणि तो मला हास्यास्पद वाटत होता, म्हणून मी तो सर्वांत शेवटी तपासला. दोन पातेली शेजारी शेजारी ठेवली. एकात माझं डिस्टिल्ड, एकात अंगणातल्या नळाचं. दीड तासाने माझ्या पातेल्यातून विटकरी निघाला. नळाच्या पातेल्यातून लाल.

मी मान्य केलं नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग बादलीच्या तळाचा पांढरा थर खरवडला, दोन ग्रॅम भरला, तो माझ्या शुद्ध पाण्यात घातला. लाल. मंजिष्ठेला चुना लागतो. पाण्यात जे नको म्हणून मी सहा वर्षं थेंब थेंब गाळून काढत होतो, त्याचीच तिला गरज होती. आणि मीच त्या लोकांना माझ्या कॅनपासून लांब ठेवलं नसतं, तर त्यांचाही विटकरीच आला असता.

हे मला आठ जानेवारीला समजलं. आज नऊ एप्रिल आहे. तीन महिन्यांत मी हे बहिणीला सांगितलेलं नाही. दोनदा फोन उचलला. एकदा तिच्या वॉर्डच्या दारापर्यंत गेलो, तिथे ती एका म्हाताऱ्या बाईंचे केस विंचरत होती, मी पाणी पिऊन परत आलो. स्वतः वाचून, स्वतः चुका करून शिकलेल्या माणसाला कोणी गुरू नसतो. त्यामुळे शिव्या द्यायलाही दुसरं कोणी नसतं. एवढंच म्हणू शकतो.

कलम ८. बाजारपेठेतल्या काष्ठौषधीवाल्यांना माझा पितळी तराजू द्यावा, सोबत या कलमाची नक्कल. सहा वर्षांत मी त्यांचं मंजिष्ठेचं पोतं चार वेळा परत केलं, भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर मुळं या तराजूत टाकून त्यांना भेसळखोर म्हटलं. ते दर वेळी म्हणायचे, "साहेब, मूळ खणून आणतात, मी काय त्याला रंग लावतो?" मुळं अस्सल होती. तराजू त्यांनी वापरावा किंवा भंगारात द्यावा, त्यांची मर्जी.

कलम ९. डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बॅटरीच्या दुकानाला द्यावं. त्यांना उपयोग आहे. वाफेच्या नळीचा जोड डावीकडे फिरतो, जोर लावू नये.

कलम १०. मागची खोली, तिच्यातली पातेली, शेगड्या, दोऱ्या, मंजिष्ठेचं पोतं, निळीचं पिंप आणि कलम ५ मधली नोंदवही माझ्या मृत्यूनंतर धाकट्या बहिणीला मिळावी. तिथे तिने वर्ग भरवावा. यापुढे मी चौदा अटी लिहिल्या होत्या. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, पाळल्या की नाही हे बघायला तुम्ही असणार नाही. मग भांडायचं कोणी?" अटी काढल्या. एक ठेवली: कापड वजन करून घ्यावं.

येथे मृत्युपत्र संपणार होतं. सही करण्याआधी, आजच संध्याकाळी, पुढील मजकूर वाढवीत आहे.

सही आज मागच्या खोलीत करायची होती. साक्षीदार म्हणून वकीलबाई होत्या. दुसरा असा हवा की ज्याला यातून काही मिळत नाही. बायको, भाऊ, घड्याळजी बाद. शेवटी वकीलबाईंनीच ड्रायव्हरकाकांना बोलावलं, त्यांच्या इमारतीत राहतात म्हणून. ते साडेअकराला आले. अंगात तोच सदरा होता. मी बाही उलटी करून आतली शिवण पाहिली. चार महिन्यांच्या धुण्यात जराही उतरलेला नव्हता.

"साबणाने धुता?"

"सून धुते. मशीनमध्ये टाकते. का हो मास्तर, अजून पुडी शोधताय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी होतं."

"कसलं पाणी?"

"नळाचं. तुमचं सगळं बरोबर होतं. माझं पाणी चुकीचं होतं."

काका खुर्चीत बसले. "हे ताईंना सांगितलंत?"

"लिहिलंय ना. कलम सात."

"ते त्यांना कधी वाचायला मिळणार?"

"मृत्युपत्र कधी वाचतात ते तुम्हाला ठाऊक नाही का?"

"म्हणजे तुम्ही ऑपरेशनमधून धड बाहेर आलात," काका म्हणाले, "तर ताईंना हे कधीच कळायचं नाही."

वकीलबाई खिडकीकडे पाहू लागल्या. मी कलम सात पुन्हा वाचलं. त्यात आकड्यांची एकही चूक नव्हती. मला काकांचा फार राग आला, कारण त्यांच्या बोलण्यातही नव्हती.

सही थांबवून दोघा साक्षीदारांना मी पाचला परत यायला सांगितलं आणि बहिणीला वॉर्डात फोन करून बोलावलं. ती ड्यूटी संपवून चारला आली, गणवेशातच, आणि आत न येता उंबऱ्यापाशी थांबली. तोंडाने सांगणं मला जमेना, म्हणून मी उभं राहून कलम सहा आणि सात वाचून दाखवलं. तिने दोन्ही नमुने मागून घेतले, विटकरी आणि लाल, आणि उजेडात धरून पाहिले.

"आठ जानेवारीला कळलं तुला?"

"हो."

"तीन महिने आम्ही बादल्या घेऊन पार्किंगमध्ये. कुणी गाडी काढली की सगळं उचला. आणि मला वाटत होतं, सख्खा भाऊ अजून मला लबाड समजतोय."

"तीन आठवडे समजत होतो. नंतर नाही."

"नंतर नाही तर तोंड का शिवलं होतंस रे?" असं म्हणून ती रडली. मग नाक पुसून, नर्सा बोलतात त्या आवाजात म्हणाली, "गोळी घेतलीस का दुपारची?" घेतली नव्हती.

सबब कलम १० खोडलं आहे. मागची खोली मृत्युपत्राने द्यायचं कारण उरलेलं नाही, ती आतल्या सामानासकट आणि नोंदवहीसकट आजच बहिणीच्या ताब्यात दिली. बक्षीसपत्राचा कागद वकीलबाई उद्या करून नोंदवतील. वजनाची अट मी पुन्हा सुचवून पाहिली. बहीण म्हणाली, रविवारी नऊला वर्ग आहे, तू येऊ शकतोस, मागे बसायचं, तराजू आणायचा नाही. पाटीही परत लागणार आहे. मला यातलं काहीही मान्य नाही. परंतु खोली आता तिची असल्यामुळे माझा इलाज चालत नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझा आहे, खाडाखोडीशेजारी आद्याक्षरं केली आहेत.

(सही)

आम्ही दोघांनी वरील गृहस्थांना आमच्यासमोर सही करताना पाहिलं, आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार पहिल्या: (सही) वकीलबाई

साक्षीदार दुसरे: (सही) निवृत्त बसचालक. मास्तरांचा हात सही करताना अजिबात कापला नाही, हेही लिहा म्हणालो तर ते नको म्हणाले, म्हणून मी लिहितो.

दिनांक: नऊ एप्रिल दोन हजार पंचवीस, बुधवार, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटं

ठिकाण: माझ्या धाकट्या बहिणीची खोली